मॉरिस ठोकळ्यांवर

"आज तू कर," अच्युत म्हणाला आणि पेटीतून प्लग खोलायचा पाना काढून त्याने माझ्यापुढे धरला.

मला वाटलं, थट्टा करतोय. इतक्या वर्षांत माझं काम एकच असायचं, मागितला की फडका द्यायचा आणि अधूनमधून चहा आणायचा.

"का? हात दुखतोय का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. गाडी तुझी आहे. तुला हे यायला हवं."

शेडच्या कोपऱ्यातलं स्टूल ओढून तो बॉनेटच्या शेजारी बसला. मी पदर खोचला आणि पाना हातात घेतला. मेचा शेवटचा रविवार होता. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. एकोणनव्वद साल.

गाडी म्हणजे बावन्नची मॉरिस मायनर, फिकट हिरवी. माझे वडील, डॉक्टर गुप्ते, पाचगणीत क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात डॉक्टर होते, तेव्हा त्यांनी ती घेतली. पाचगणीचा पावसाळा ज्यांनी काढलेला नाही त्यांना सांगून खरं वाटत नाही. चार महिने ढग घरातच मुक्कामाला असतात. काडेपेटी पेटत नाही, मीठ वाहतं, कपाटातल्या चपलांवर पांढरी लव उगवते. अशा हवेत गाडी नुसती उभी केली तर दसऱ्यापर्यंत तिचे ब्रेक गंजून धरतात, आणि सीटवर बुरशीचे नकाशे उमटतात. म्हणून वडिलांनी शिस्त घातली होती. मेच्या शेवटच्या रविवारी गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवून बंद करायची, आणि दसऱ्याला काढायची. पुढे त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा ते काम त्यांच्या जावयाकडे आलं.

जावई म्हणजे अच्युत. अच्युत राजे. आमचं लग्न चौऱ्याहत्तर साली झालं. तीन वर्षांनी त्याला साताऱ्याच्या एका कारखान्यात चांगली नोकरी लागली. मी म्हटलं, बाबांना असं टाकून कशी येऊ, आणि शाळा? तो म्हणाला, ठीक आहे, मी येऊन जाऊन राहीन. आधी दर शनिवारी यायचा. मग एकाआड एक शनिवारी. बाबा एक्क्याऐंशीत गेले, तोवर आम्ही दोघंही आपापल्या स्वयंपाकघराला सरावलो होतो. आमचं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे पुष्कळदा वाटलं. त्र्याऐंशीत कायदेशीर वेगळे झालो. वकिलांनी भांड्याकुंड्यांपासून सगळं लिहून घेतलं, पण गाडीचं कोणी बोललंच नाही.

त्यानंतरच्या मेमध्ये, शेवटच्या रविवारी, फाटकाची कडी वाजली. बाहेर अच्युत उभा, हातात हत्यारांची पेटी. मी कडी काढली. तो सरळ शेडकडे गेला. संध्याकाळी चहा घेऊन सहाच्या एस.टी.ने परत गेला. तेव्हापासून दर वर्षी दोनदा असंच. कधी पत्र नाही, कधी फोन नाही. मेचा शेवटचा रविवार आणि दसरा.

त्या वर्षी मात्र मी त्याला पत्र लिहिलं होतं. 'या वेळी जेवायला थांब. थोडं बोलायचं आहे.' एवढंच.

"डावीकडे फिरव," अच्युत म्हणाला. "जोर खांद्यातून लाव, मनगटातून नको."

पहिला प्लग कुरकुरत सुटला. चौथा निघेपर्यंत माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्याने तेलाची छोटी बुधली दिली. "प्रत्येक भोकात दोन चमचे. जास्त नाही. आता पुढून हँडल घाल आणि इंजिन हातानं फिरव. तेल आत सगळीकडे बसलं पाहिजे."

"हे सगळं तू दर वर्षी करायचास?"

"तू इथंच असायचीस की."

"मी बघत नव्हते."

तो हसला. "माहीत आहे. तू पेपर तपासायचीस."

ते खरं होतं. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन मी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. भूगोलाच्या उत्तरपत्रिका, पाचवी ते सातवी. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, आणि तपासायचं असं काही नसायचं. जुनेच गठ्ठे पुन्हा चाळायचे मी. ते त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

पत्र लिहायचं कारण तसं क्षुल्लक होतं. शाळेनं त्या फेब्रुवारीत सगळ्या शिक्षकांकडून एक फॉर्म भरून घेतला. नाव, पत्ता, रक्तगट. शेवटचा रकाना होता, तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवावे. मी भराभर लिहून फॉर्म क्लार्कच्या टेबलावर टाकला. दुपारी क्लार्क पाटणकर मला गाठून हळूच म्हणाले, "गुप्ते बाई, या रकान्यात राजे लिहिलंय तुम्ही. बदलायचं आहे का?" मी फॉर्म हातात घेतला. बदलून लिहायला दुसरं नाव शोधू लागले. बाई होत्या शाळेत, शेजारी होते, मुंबईला एक मावसभाऊ होता. पाटणकर पेन उघडं धरून उभे होते. शेवटी म्हटलं, "राहू द्या तसंच."

त्या दिवसापासून मी मनाशी वाक्यं जुळवत होते. मी साताऱ्याला येऊ शकेन. नाहीतर तू इथे ये. नोकरीची चौदा-पंधरा वर्षं उरलीत, ती कशीही निघतील. आपण दोघं चाळिशी ओलांडलेली माणसं आहोत, लोक काय म्हणतील ते म्हणोत. ही वाक्यं मी टेबललँडच्या पठारावर फिरायला जाताना मोठ्याने म्हणून बघायचे. वाऱ्यात ती चांगली वाटायची.

आणि शुक्रवारी सकाळी वाल भिजत घातले होते. आमच्याकडच्या बिरड्याला दोन दिवस लागतात. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. एकट्या बाईसाठी एवढा खटाटोप कोण करतो? सहा वर्षांत मी बिरडं केलं नव्हतं. शनिवारी दुपारभर सोलत बसले आणि अंगठ्याची नखं हिरवी झाली.

अच्युत त्या दिवशी मला एकेक गोष्ट दोनदोनदा सांगत होता. पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरायची, रिकामी ठेवली तर आतून घाम धरते. हँडब्रेक कधीही ओढून ठेवायचा नाही. बॅटरी काढून घरात, जमिनीवर नाही, फळीवर. दारांच्या रबरांना टाल्कम पावडर. काचा बोटभर उघड्या. धुराच्या नळीत तेलकट फडक्याचा बोळा, नाहीतर उंदीर संसार मांडतात. वर जुन्या सुती चादरी, प्लॅस्टिक अजिबात नाही.

"लिहून घेऊ का?" मी विचारलं.

"नको. हाताला कळलं की झालं."

जॅक लावून मागचं चाक उचललं तेव्हा ठोकळा सरकवायला मी वाकले. गाडी किंचित हलली. अच्युत स्टुलावरून झटकन उठला आणि त्याने माझा दंड धरून मला मागे खेचलं. ठोकळा तिरका बसला होता, एवढंच. त्याने तो पायाने सरळ केला, गाडी खाली बसवून पाहिली. मग माझा दंड सोडला. माझ्या पोलक्याच्या बाहीवर त्याच्या चार बोटांचे काळे डाग उठले होते.

"जॅकवर असताना खाली हात घालायचा नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चढला होता. "एकटी असशील तेव्हा तर मुळीच नाही. काठीनं ढकलायचा ठोकळा."

एकटी असशील तेव्हा. मी ते ऐकलं, पण माझं सगळं लक्ष दंडाकडे होतं. मला वाटलं, आता बोलावं. पण हात तेलाचे, चेहरा घामानं भरलेला, म्हटलं जेवताना बोलू.

दीड वाजता आम्ही हात धुवून पानावर बसलो. मी बिरडं वाढलं. त्याने वाटीकडे पाहिलं.

"कधी सोललेस एवढे?"

"काल. वेळ होता."

त्याने एक घास घेतला. मग दुसरा. मी माझा भात कालवत होते. जुळवलेल्या वाक्यांमधलं पहिलं कोणतं, तेच आठवेना.

"निमा," तो म्हणाला, "तुझं पत्र आलं तेव्हा मीही लिहायलाच बसलो होतो. मग म्हटलं, समोर सांगावं." त्याने पाण्याचं भांडं उचलून पुन्हा खाली ठेवलं. "मी लग्न करतोय. पुढच्या महिन्यात. साताऱ्यालाच सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सुषमा नाव. तिचे यजमान पाच वर्षांपूर्वी अपघातात गेले. मुलगी आहे, नववीत."

स्वयंपाकघराच्या खिडकीत साखरेचा डबा होता. त्यावर मुंगळ्यांची रांग लागली होती. मला आठवतंय, झाकण नीट लावलं पाहिजे, असं माझ्या मनात आलं.

"चांगलं झालं," मी म्हणाले.

"तिला सगळं माहीत आहे. इथे येतो तेही. ती म्हणाली, जात जा, त्यात काय. पण मलाच ते बरं वाटत नाही. तिच्या दृष्टीनंही नाही, तुझ्याही नाही." मग म्हणाला, "म्हणून आज तुझ्याकडून करून घेतलं."

"हो. कळलं आता."

"रागावलीस?"

"नाही रे. अजून वाढू?"

त्याने मान हलवली आणि मी वाढलं. तो जेवला. अगदी नीट, वाटी पुसून जेवला. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

"तुला काय सांगायचं होतं?" हात धुवून आल्यावर त्याने विचारलं. "पत्रात लिहिलं होतंस."

मी खरकटी ताटं एकात एक घालत होते. पाठमोरीच म्हणाले, "गाडी विकावी म्हणत होते. तुला विचारूनच ठरवावं, म्हटलं."

मी वळून पाहिलं. तो हात पुसायचा पंचा धरून दाराशी उभा होता. त्याच्या लग्नाचं ऐकून माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही, पण त्याचा त्या क्षणी कसा झाला ते मी पाहिलं.

"विकायची होती," तो सावकाश म्हणाला, "तर सकाळपासून एवढं शिकलीस कशाला?"

"तू शिकवत होतास म्हणून."

त्याने पंचा दाराच्या कडीला अडकवला. आम्ही पुन्हा शेडमध्ये गेलो. एक काम उरलं होतं, क्लचचं पेडल खाली दाबून सीटच्या आणि त्याच्या मध्ये काठी अडकवायची, म्हणजे आतल्या चकत्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत. ते त्यानेच केलं. मग चादरी आम्ही दोघांनी मिळून टाकल्या, एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. चहा त्याने घेतला नाही. चारच्या एस.टी.ने जातो म्हणाला.

फाटकाशी थांबून म्हणाला, "विकणार असशील तर आधी मला कळव."

"कळवते."

हत्यारांची पेटी त्याने नेली नाही. ती शेडमध्ये स्टुलाखाली तशीच होती. मला ती दुसऱ्या दिवशी दिसली. विसरला असेल असं मला एक दिवसही वाटलं नाही.

तो पावसाळा मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. शाळेत जायचं, यायचं. ओली छत्री मोरीत, ओली साडी दोरीवर, तीन दिवस वाळायची नाही. घराच्या पश्चिमेला पावसासाठी बांधलेल्या गवताच्या ताट्यांमुळे दिवसाही दिवा लागायचा. महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करून आणायची, असं अच्युतने सांगितलं होतं, ती आणत होते. कशासाठी, ते स्वतःला विचारत नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटी त्याचं पत्र आलं. अक्षर तेच, उजवीकडे कललेलं. 'दसरा जवळ आला. गाडी अजून दिली नसशील तर काढायला मदत लागेल. चार महिन्यांनी पहिल्यांदा चालू करणं एकट्याने कठीण जातं. सुषमाच म्हणते, जाऊन या. आणि कोणाला द्यायचीच असेल तर मला दे. मुलगी गाडी शिकायची म्हणते. येऊ का ते कळव.'

पत्र चार दिवस रेडिओखाली होतं. पाचव्या दिवशी, शनिवारी, शाळा सकाळची होती. दुपारी मी शेड उघडलं. चादरी काढल्या. आतून डांबराच्या गोळ्यांचा वास आला, बुरशीचा नाही. मी मनाशी एक ठरवलं होतं. इंजिन लागलं नाही, तर 'ये' म्हणून लिहायचं. त्यात खोटं काही नव्हतं. गाडी लागत नाही, ये. तो आला असता. सुषमाची ना नव्हती. दसऱ्याला आला असता, मग मेमध्ये आला असता, मुलीला घेऊन आला असता, मी त्यांना जेवू घातलं असतं.

काठी काढली, बोळा काढला. चाकं जमिनीवर आणली, ठोकळे काठीनं ढकलून बाहेर काढले. बॅटरी बसवली. प्लग बाहेर काढून, पुसून पुन्हा लावले. किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर घरघरही अर्ध्यात बसली.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आता आत जायचं, अंतर्देशीय घ्यायचं आणि दोन अक्षरं लिहायची. मनातून मी हलकी झाले होते. तेवढ्यात त्याचं एक वाक्य आठवलं, थंड असताना नुसत्या बॅटरीवर विसंबू नकोस. ते आठवलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते. मी खाली उतरले, पुढून हँडल घातलं. जोर खांद्यातून लावला. एकदा, दोनदा. चौथ्या खेपेला गाडी खोकली, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि सबंध शेड तेलाच्या धुरानं भरून गेलं. इंजिन चालू झालं होतं. दोन-तीन मिनिटांत त्याचा आवाज अगदी एकसारखा झाला.

सगळं नीटच केलं होतं मी.

गाडी बाहेर काढली, पोस्टापर्यंत नेली आणि फाटकाबाहेर उभी करून, इंजिन बंद न करता, आत काउंटरवर उभ्या उभ्या अंतर्देशीय लिहिलं. 'गाडी गेली. मुंबईच्या एका गृहस्थांनी नेली. जाणते आहेत, नीट ठेवतील. तुला कळवायचं राहून गेलं, राग मानू नकोस. सुषमाताईंना नमस्कार.' गाडी आहे असं लिहिलं असतं तर तो विचारत राहिला असता, आणि मी त्याच्या विचारण्याची वाट बघत राहिले असते. पत्र पेटीत टाकलं आणि त्याच गाडीत बसून घरी आले.

त्यानंतर मी ती पुष्कळ वर्षं चालवली. महाबळेश्वरच्या बाजूला, भिलारच्या बाजूला. पण पसरणीचा घाट उतरून वाईकडे कधी नेली नाही. तिकडच्या गॅरेजवाल्यांना अच्युत ओळखत होता, ते गाडीला ओळखत होते. दुरुस्ती होईल तेवढी मीच करायची. प्लग, तेल, ब्रेकच्या दोऱ्या, सगळं शिकले. मेच्या शेवटच्या रविवारी पदर खोचून शेडमध्ये जायचे. दसऱ्याला तोरण लावायचे. अडायचं ते टायरांपाशी. तो अरुंद, चौदा इंची टायर साताऱ्यात एकाच जुन्या दुकानात मिळायचा, आणि तो आणायला मी एस.टी.ने जायचे.

पंच्याण्णव साली अशीच गेले होते. साताऱ्याच्या स्टँडवर बाकावर बसले होते, टायर शेजारी उभा, गोणपाटात गुंडाळलेला, पण एका बाजूने उघडा पडलेला. समोरून अच्युत आला. केस पुष्कळ पिकले होते. बरोबर एक ठेंगणीशी, हसऱ्या चेहऱ्याची बाई होती. मला पाहून तो थबकला, मग जवळ आला.

"सुषमा, ही निर्मला."

"अहो, ओळखलं मी," ती म्हणाली आणि माझा हात धरून शेजारी बसलीच. "फोटो आहे आमच्याकडे, गाडीबरोबरचा. तुम्ही गाडी देऊन टाकलीत तेव्हा यांना फार लागलं होतं. दोन दिवस धड बोलले नाहीत. मी म्हटलं, अहो, त्यांची गाडी, त्यांनी दिली."

"हो ना," मी म्हणाले. "एकटीला झेपत नव्हती."

बोलता बोलता मी टायरवर पदर घ्यायला पाहत होते. अच्युत बाकापाशी उभा होता. तो आधी टायरकडे बघत होता. मग त्याची नजर माझ्या हातांवर आली. नखांच्या कडांना तेल बसलेलं होतं. मेचा शेवटचा रविवार नुकताच होऊन गेला होता. मी हात मांडीवर उलटे ठेवले.

सुषमा मुलीचं सांगत होती, पुण्याला इंजिनिअरिंगला गेली, यांनीच नाद लावला. मी हो हो करत होते. वाई-पाचगणीमार्गे महाबळेश्वर गाडी लागली, तशी माणसं दाराकडे धावली. मी उठले. मी टायरला हात घालायच्या आधी अच्युतने तो उचलला होता. खांद्यावर घेऊन, गर्दीतून वाट काढत तो आत चढला, मागच्या सीटखाली सरकवला आणि हलू नये म्हणून माझी पिशवी टेकूला लावली. उतरायच्या आधी माझ्या खिडकीशी जरासा थांबला.

"नव्या टायरात पहिले काही दिवस हवा थोडी कमीच ठेवायची असते," तो म्हणाला. "त्या मुंबईच्या गृहस्थांना सांग."

"सांगते," मी म्हणाले.

तो उतरला. सुषमा खालून हात हलवत होती. गाडी सुटली तेव्हा तिच्या शेजारी उभा राहून त्यानेही हात वर केला.